ग्रीक शिकायचंय, इंग्रजी मात्र येत नाही

दोन महिन्यांपूर्वी याच सदरात संस्कृतच्या एका प्रश्नाला उत्तर देताना मी ओघात लिहून गेले, की रविवारी सकाळी धंतोलीत माझ्या ओसरीवर सहा जण प्राचीन ग्रीक शिकायला बसतात. एवढंच एक वाक्य. त्यावर इतकी पत्रं आली की संपादक म्हणाले, बाई, या वेळचं सदर ग्रीकलाच देऊन टाका. प्रश्न थोडे छाटले आहेत, पण ज्याची भाषा जशी होती तशीच राहू दिली. ग्रीक शब्द इथे देवनागरीत छापावे लागताहेत, तेवढं चालवून घ्या. वर्गात मी तसं लिहू देत नाही.

मॅडम, मी ५२ वर्षांची गृहिणी. दहावीला पूर्ण संस्कृत होतं, ९१ मार्क पडले होते, अजून रूपं पाठ आहेत. तुमचं वाचून ग्रीक शिकावंसं वाटलं. पण माझं इंग्रजी कच्चं. मोबाइलवर ग्रीक शिकवणारे सगळे इंग्रजीतच बोलतात. मुलगा म्हणतो, आई, आधी इंग्रजीचा क्लास लाव. खरंच लावावा लागेल का?
– त्रिमूर्तीनगर, नागपूर

मुलाला सांगा, सॉक्रेटिसलाही इंग्रजी येत नव्हतं.

मी स्वतः इंग्रजीतूनच शिकले आणि माझं पहिलं वर्ष ग्रीकपेक्षा इंग्रजीशी झगडण्यातच गेलं. सीताबर्डीच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात शाळकरी मुलांसाठीचं एक ग्रीक व्याकरण मिळालं होतं, साठ रुपयांना. तेव्हा मी ४७ वर्षांची होते आणि शाळेत संस्कृत शिकवत होते. पुस्तकाची पहिली तीन पानं विभक्ती म्हणजे काय हे समजावण्यात खर्ची पडलेली. इंग्रज मुलाला ते सांगावंच लागतं. 'देवाने, देवाला, देवाचा' म्हणत मोठ्या झालेल्या बाईला कशाला सांगायचं? पुढे दोन पानं, की निर्जीव वस्तूंनाही लिंग असतं, घाबरू नका. आपण तो दगड, ती भिंत, ते झाड म्हणतोच. ग्रीकमध्येही लिंगं तीनच. हिंदीवाल्याला नपुंसकलिंग नव्याने शिकावं लागेल, मराठीवाल्याला नाही.

ग्रीकमध्ये नामाच्या आधी एक उपपद लागतं. पुल्लिंगी 'हो', स्त्रीलिंगी 'हे', नपुंसकलिंगी 'तो'. (यातला 'हे' जरा तोंड उघडून, 'हॅ'च्या बाजूला झुकवून म्हणायचा.) माझ्या ओसरीवर पहिल्या दिवशी याला हमखास हशा पिकतो, कारण आपला मर्द 'तो' तिथे नपुंसक निघतो. पण हसून शिकलेलं कोणी विसरत नाही.

उच्चारांत तर आपली चंगळ आहे. जुन्या ग्रीकमधला थीटा कसा म्हणायचा हे सांगताना इंग्रजी पुस्तकांची दमछाक होते: एका शब्दाच्या शेवटचा टी आणि पुढच्या शब्दाचा एच एका दमात म्हणा, वगैरे. आपण 'थ' लिहितो आणि मोकळे होतो. ताउ म्हणजे त, थीटा म्हणजे थ. काप्पा क, खी ख. पी प, फी फ. फक्त हा फ म्हणताना ओठ मिटायला हवेत. फणसातला फ, फोटोतला नव्हे. यावर माझे दोन रविवार जातात, कारण हल्ली आपण फणसही फोटोसारखाच म्हणायला लागलोय. दोन गामा शेजारी आले की पहिल्याचा ङ होतो. आपल्या वर्णमालेत बिचारा ङ बेकार बसलेला असतो, त्याला ग्रीकमध्ये रोज काम मिळतं.

आता तुमचे ते ९१ मार्क कामाला लावू. संस्कृतचं द्विवचन ग्रीकमध्ये आहे, होमरच्या महाकाव्यांत तर चांगलं भेटतं. लभे, लभसे, लभते म्हणत पाठ केलेलं आत्मनेपद आहे. भूतकाळ करायला 'अवदत्', 'अगच्छत्' यांत धातूच्या आधी जो अ चिकटवतो, तोच तिथे ए होऊन चिकटतो. संस्कृत 'अभरत्', ग्रीक 'एफेरे'. इंग्रजीतून शिकणारा हे तक्ते घोकत बसतो, तुम्हाला नुसती ओळख पटवायची आहे.

आणि 'च'! ही गोष्ट मला कुठल्या पुस्तकाने सांगितली नाही, दुसऱ्या वर्षी भाजी चिरताना सुचली. ग्रीक माणूस बोलताना वाक्यात बारीक बारीक अव्ययं पेरतो. इंग्रजी पुस्तकं म्हणतात, यांचं भाषांतर होत नाही, आवाजातल्या चढउतारावरून समजून घ्या. त्यातलं एक 'गे'. शब्दाच्या मागे येतं आणि त्यालाच जोर देतं. 'एगो' म्हणजे मी, 'एगोगे' म्हणजे मीच, किंवा 'मी तरी'. हा तर आपला च! 'मेन' आणि 'दे' अशी दुसरी जोडी आहे, त्यावर मोठमोठी स्पष्टीकरणं वाचली होती. 'थोरला तर शिकला, धाकटा मात्र राहिला' यातले 'तर' आणि 'मात्र' म्हणजे ते. त्या दिवशी कांदा तसाच टाकून मी वही काढली होती.

इतकं सगळं सोपं आहे असं समजून मात्र येऊ नका. ग्रीक क्रियापद हा डोंगर आहे. एकेका धातूची शेकडो रूपं, आणि नेहमीचे धातूच सगळ्यात वाकडे. तिथे मराठीही वाचवत नाही, दहा लकारही नाहीत. तिथे रोज अर्धा तास बसणं, एवढंच.

इंग्रजीचं विचाराल तर शब्दकोशापुरतं लागेल. लिडेल आणि स्कॉट यांचा कोश १८४३ मध्ये निघाला, आजही सगळे तोच उघडतात. तो मोठा, मधला, छोटा अशा तीन आकारांत मिळतो, तुम्हाला छोटा पुरे. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाचा 'पर्सियस' नावाचा संग्रह इंटरनेटवर फुकट आहे. त्यात मूळ ग्रीक ग्रंथातल्या कुठल्याही शब्दावर बोट ठेवलं की त्याची विभक्ती, वचन, धातू सगळं समोर येतं. अर्थ इंग्रजीत येतो, पण एक-दोन शब्दांचा. शेजारी इंग्रजी-मराठी कोश ठेवा. क्लास लावायची गरज नाही. माझी चाळीस पानांची मराठी वही आहे, तिची झेरॉक्स घेऊन जा.

अक्षरं मात्र पहिल्याच आठवड्यात शिका. एकूण २४ आहेत आणि त्यातली निम्मी तुम्हाला येतात. भूमितीचा थीटा, वर्तुळाचा पाय, मुलाच्या फिजिक्समधला लॅम्डा. २०२१ मध्ये करोना विषाणूच्या नव्या प्रकारांना डेल्टा, ओमायक्रॉन अशी नावं दिली तेव्हा घराघरात ग्रीक वर्णमाला पोचली. ओ मिक्रोन म्हणजे छोटा ओ, ओ मेगा म्हणजे मोठा ओ. एक ऱ्हस्व, एक दीर्घ. फसवणारी अक्षरं तीन-चार आहेत: रो हे इंग्रजी पीसारखं दिसतं, न्यू हे व्हीसारखं, खी हे एक्ससारखं. 'आता' या अर्थाचा 'न्यून' हा शब्द मी आठवडाभर 'व्हुव्ह' असा वाचत होते, आणि मनात म्हणत होते, काय ही भाषा!

जय भीम मॅडम. मी ऑटो चालवतो. आमच्या विहारात रविवारी पालीचा वर्ग असते. तिथं ऐकलं का सम्राट अशोकानं ग्रीक भाषेतही लेख कोरला. खरं हाय का? असन तर तेवढा तरी मला वाचता येईन का?
– इंदोरा, नागपूर

जय भीम भाऊ. खरं आहे, आणि येईल.

अफगाणिस्तानात कंदाहारजवळ १९५८ साली हा लेख सापडला. एकाच खडकावर वर ग्रीक, खाली अरामाईक, म्हणजे पश्चिम आशियातली एक जुनी भाषा. ग्रीक भाग जेमतेम चौदा ओळींचा. त्या मुलखात तेव्हा ग्रीक बोलणारी वस्ती होती, तिला समजावं म्हणून तिच्या भाषेत. जसं इकडे आपल्याकडे ब्राह्मी लिपीत आणि प्राकृतात, तसं तिकडे ग्रीकमध्ये. पुढे १९६३ मध्ये कंदाहारलाच दुसराही ग्रीक लेख मिळाला, पण तो अवघड आहे. तुम्ही पहिला धरा.

त्याची सुरुवात अशी (काही अक्षरं झिजलेली आहेत, ती अभ्यासकांनी भरली आहेत): देका एतोन प्लेरेथेन्तोन. तीन शब्द.

'देका' म्हणजे दहा. दश, पालीत दस. 'एतोन' म्हणजे वर्षांचे, मूळ शब्द 'एतोस'. आधी तो 'वेतोस' होता, सुरुवातीचा व ग्रीकांनी टाकून दिला. तो व परत लावून बघा. गुढीपाडव्याला पंचांगात संवत्सराचं नाव वाचतात ना, त्या संवत्सरातलं 'वत्सर' म्हणजे हेच. 'प्लेरेथेन्तोन' म्हणजे पूर्ण झालेल्यांचे, आणि 'पूर्ण' व 'प्लेरे' एकाच मुळातून आलेत. शाळेत सति सप्तमी शिकवतात: दशसु वत्सरेषु पूर्णेषु, दहा वर्षं पूर्ण झाली असता. ग्रीक तेच काम सप्तमीऐवजी षष्ठीने करतं, बाकी वाक्याची ठेवण तीच. हे वाक्य मी पहिल्यांदा फळ्यावर लिहिलं आणि खाली संस्कृत लिहिलं तेव्हा ओसरीवर दोन मिनिटं कुणी बोललं नाही.

पुढे: बासिलेउस पियोदास्सेस एउसेबेइयान एदेइक्सेन तोइस आन्थ्रोपोइस. बासिलेउस म्हणजे राजा. पियोदास्सेस म्हणजे पियदसि, तुमच्या पालीतलाच, अशोकाचंच दुसरं नाव. 'एदेइक्सेन' म्हणजे दाखवली. यातलं 'देइक' म्हणजे आपला दिश्, ज्यातून दिशा, उपदेश, आदेश आले, आणि पुढचा ए म्हणजे भूतकाळाचा अ. तोइस आन्थ्रोपोइस, माणसांना. राजा पियदसीने माणसांना एउसेबेइया दाखवली.

ही एउसेबेइया म्हणजे धम्म. इथे जरा थांबा, कारण ज्याने हे भाषांतर केलं त्याची इथे कसोटी लागली असणार. 'एउ' म्हणजे चांगलं, 'सेब' म्हणजे आदर. ग्रीकांच्या तोंडी हा शब्द देवांविषयी, आईवडिलांविषयी भक्तिभाव अशा अर्थाने असायचा. धम्मात देव कुठून आला, असं तुम्ही विचाराल आणि बरोबर विचाराल. खालच्या अरामाईक मजकुरात त्याच जागी 'सत्य' अशा अर्थाचा शब्द घेतला आहे. दोन भाषा, दोन वेगळ्या निवडी. पण लेखात पुढे जे सांगितलंय त्याने अर्थ जागेवर येतो: राजा प्राणिहत्या टाळतो, राजाच्या शिकाऱ्यांनी आणि कोळ्यांनी शिकार थांबवली, लोक आईवडिलांचं आणि थोरांचं ऐकू लागले. 'पात्रि काइ मेत्रि', पित्याचं आणि मातेचं. हे दोन शब्द तर शिकवावेच लागत नाहीत. आणि चंद्रपूर जिल्ह्यात देवटेकला मौर्यकालीन ब्राह्मीतला एक लेख आहे, नागपूरच्या वा. वि. मिराशींनी त्याचा अभ्यास केला होता. त्यातही प्राण्यांना पकडू-मारू नका हीच आज्ञा. देवटेक ते कंदाहार, अंतर तुम्हीच मोजा, मीटर तुमच्याकडे आहे.

चौदा ओळी झाल्या की मिलिंदाकडे वळा. मिलिंदपञ्हा या पाली ग्रंथातला मिलिंद म्हणजे मेनान्द्रोस हा ग्रीक राजा. त्याच्या नाण्यांवर एका बाजूला ग्रीक: बासिलेओस सोतेरोस मेनान्द्रू. दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत: महरजस त्रतरस मेनंद्रस. राजाचं, त्रात्याचं, मेनान्द्राचं. दोन्ही बाजू मिळून तीन शब्दांचा कोशच हातात येतो. सोतेर म्हणजे त्राता, संपलं.

मी पत्रिका करतो. परवा एका शिकलेल्या मुलाने सांगितलं की केंद्र, होरा हे शब्द ग्रीक आहेत. मी म्हटलं, अरे, जगातल्या सगळ्या भाषा संस्कृतातून निघाल्या, ग्रीकांनीच आपल्याकडून नेले असतील. कोण बरोबर?
– महाल, नागपूर

मुलगा बरोबर. राग मानू नका, पण तुमच्या धंद्यातले बरेच शब्द तिकडून आलेत. 'होरा' म्हणजे ग्रीक 'होरा', वेळ, तास. 'केंद्र' म्हणजे 'केन्त्रोन', टोचणी, कंपासचं टोक जिथे रुततं तो बिंदू. सप्तमस्थानाला जामित्र म्हणता ते 'दियामेत्रोन', म्हणजे समोरासमोरचं. २, ५, ८, ११ या घरांना पणफर म्हणता, त्या शब्दाची संस्कृत व्युत्पत्ती कधी कुणी दिली का? ते 'एपानाफोरा'. आपोक्लिम म्हणजे 'आपोक्लिमा'. आणि यात लाज कसली? वराहमिहिराने बृहत्संहितेत स्वच्छ लिहून ठेवलंय, की यवन, म्हणजे ग्रीक, म्लेच्छ खरे, पण हे शास्त्र त्यांच्यात नीट रुजलेलं आहे, म्हणून तेही ऋषींसारखे पूजले जातात.

पण मुलालाही एक सांगा, म्हणजे तुमचा हिशेब बरोबरीत सुटेल. दोन भाषांत सारखे शब्द दोन कारणांनी दिसतात. एक, पाहुणे म्हणून आलेले, जसे हे ज्योतिषातले. दुसरे, घरातलेच, म्हणजे दोन्ही भाषा ज्या एका जुन्या भाषेतून निघाल्या तिच्याकडून आलेले: पितृ-पातेर, त्रि-त्रेइस, अष्ट-ओक्तो. कलकत्त्यात १७८६ मध्ये विल्यम जोन्स यांनी हेच मांडलं, की संस्कृत, ग्रीक, लॅटिन एका मुळातून आल्या असणार. म्हणजे संस्कृत ग्रीकची आई नव्हे, बहीण.

एक शब्द मात्र दोन्ही वाटांनी आपल्याकडे आलाय, आणि तो माझा फार लाडका आहे. ग्रीक 'झ्युगोन', बैलांच्या मानेवरचं जू. संस्कृतात त्याचा भाऊ 'युग', आणि त्या युगाचंच झिजून मराठीत 'जू' झालं. ही घरची वाट. ग्रीकमध्ये झ्युगोनचा दुसरा अर्थ तराजूची दांडी, म्हणून तूळ राशीलाही झ्युगोन. ती रास ज्योतिषाबरोबर इकडे आली आणि बृहज्जातकात तुळेचं नाव पडलं 'जूक'. ही पाहुण्याची वाट. पोळ्याला शेतकरी बैलाच्या मानेवरचं जू उतरवतो आणि तुम्ही पत्रिकेत तूळ लिहिता, शब्द एकच.

मॅडम, राग नका मानू, पण हे ग्रीक काऊन शिकाचं? नोकरी लागते काय याच्यानं?
– नंदनवन, नागपूर

नाही लागत. मला २३ वर्षांत ग्रीकने एक रुपया मिळवून दिलेला नाही, उलट रविवारच्या पोह्यांचा खर्च आहे. नोकरीसाठी जर्मन शिका, धंतोलीतच दोन क्लास आहेत.

मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एका अ‍ॅपवर ग्रीकचा कोर्स ९० दिवस सलग केला. पण प्लेटो उघडला तर काहीच कळेना, उच्चारही वेगळे सांगतात. मी काय चुकलो? आणि होमरपर्यंत जायला किती वर्षं लागतात?
– रामदासपेठ, नागपूर

तुम्ही चुकला नाहीत, भाषा चुकली. अ‍ॅपवरची ग्रीक म्हणजे आजच्या अथेन्समधली. ज्ञानेश्वरी वाचायची म्हणून आजच्या बातम्यांची मराठी शिकण्यासारखं झालं. नव्वद दिवस फुकट गेले नाहीत, अक्षरं पक्की झाली असतील.

उच्चाराचं म्हणाल तर आजचे ग्रीक लोक इ, ए, उ आणि दोन-तीन जोडस्वर हे सगळे 'ई'च म्हणतात, बीटाला 'व' म्हणतात. त्यांची भाषा आहे, त्यांचा हक्क आहे. पण शिकणाऱ्याला एकच 'ई' पाच-सहा तऱ्हांनी लिहायला लागली की तो रडकुंडीला येतो. जुना उच्चार वेगळा होता हे एरास्मुस या डच विद्वानाने १५२८ मध्येच मांडलं होतं. मी तोच धरायला सांगते, कारण ऐकू येतं तसं लिहिता येतं. अक्षरांवरच्या तिरक्या रेघांना घाबरू नका. खुद्द ग्रीसने १९८२ मध्ये शाळेतून आणि सरकारी कागदांतून त्या बहुतेक काढून टाकल्या, पण जुन्या ग्रंथांत त्या असतात. त्या आघाताच्या नाहीत, स्वराच्या उंचीच्या खुणा आहेत. वेदपाठ ऐकलाय? उदात्त, अनुदात्त. ऋग्वेदातल्या 'पितर्' शब्दात उदात्त शेवटच्या अक्षरावर, ग्रीक 'पातेर'मध्येही शेवटच्यावरच.

होमरला वेळ लागेल, रोज बसलात तर दोन-तीन वर्षं. प्लेटोनेही सुरुवात करू नका. सोपं काहीतरी घ्या. योहानाचं शुभवर्तमान घ्या, धर्माचा प्रश्न नाही, शब्द थोडे आणि वाक्यं आखूड: 'एन आर्खे एन हो लोगोस', प्रारंभी शब्द होता. किंवा पहिल्या शतकातल्या कुणा व्यापाऱ्याने ग्रीकमध्ये लिहिलेलं तांबड्या समुद्रापासूनच्या प्रवासाचं टिपण घ्या, पेरिप्लस म्हणतात त्याला. शैली ओबडधोबड, पण त्यात आपलं पैठण आहे, तेर आहे, कल्याण आहे. भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर म्हणजे तेर. मोठ्या बिनरस्त्याच्या मुलखातून गाड्यांमधून माल बंदराला उतरतो, पैठणहून दगड, तगरहून कापड. दोन हजार वर्षांपूर्वीचा ग्रीक माणूस मराठवाड्यातल्या खराब रस्त्यांची तक्रार करतोय, हे मुळातून वाचताना जी मजा येते ती भाषांतरात नाही.

बाई, मी उमरेडला भाषाशिक्षक आहे. आमच्या गावच्या वाचनालयात असा वर्ग काढायची इच्छा आहे. मला स्वतःला ग्रीक येत नाही, पण तुमच्याकडे येऊन शिकेन आणि शिकवेन. काय काय लागतं?
– उमरेड

फळा, खडू आणि चुका कबूल करायची तयारी. बाकीचं सांगते.

माझ्या पहिल्या वर्गाला चौदा जण आले होते. एका वाचनालयाने खोली दिली होती. (लग्नसराई सुरू झाल्यावर तीच खोली भाड्याने गेली आणि आम्ही माझ्या ओसरीवर आलो, पण ते असो.) मी ३१ वर्षं शिकवलेली बाई, मला वाटलं शिस्तीत जावं. दुसऱ्या रविवारी फळा भरून 'लुओ' म्हणजे 'मी सोडतो' या धातूची वर्तमानकाळाची सगळी रूपं लिहिली, तिन्ही वचनांत, दोन्ही पदांत. तिसऱ्या रविवारी पाच जण. धातूचा अर्थ लोकांनी फारच मनावर घेतला म्हणायचा. त्यातल्या एक काकू नंतर सक्करदऱ्याच्या बाजारात भेटल्या, म्हणाल्या, "बाई, नववीतल्या तासाला बसल्यासारखं पोटात गोळा आला हो."

तेव्हापासून मी आधी वाक्य देते, रूप मागून. पहिल्या रविवारी अक्षरं आणि स्वतःचं नाव ग्रीकमध्ये लिहिणं. दुसऱ्या रविवारी अशोकाची ती पहिली ओळ. क्रियापदाचा तक्ता दोन महिने दाखवत नाही. रूपं जशी भेटतात तशी वहीच्या मागच्या पानावर ज्याची त्याने मांडायची. दोन महिन्यांत त्यांचा तक्ता त्यांनीच केलेला असतो, आणि स्वतः केलेल्याची भीती वाटत नाही.

दुसरं, समोर कोण बसलंय ते बघा. माझ्याकडे एक नर्स येते, रात्रपाळी करून थेट. व्याकरणात तिची झोप उडत नाही, पण शब्दांत तिला कोणी हरवत नाही: कार्दिया, नेफ्रोस, देर्मा, हाइमा, सगळे तिला वॉर्डात रोज भेटतात. 'ओस्तेओन' म्हणजे हाड, आणि आपली अस्थी त्याची सख्खी बहीण, हे सांगितलं तेव्हा पेन खाली ठेवून म्हणाली, "मग आमच्या ऑर्थोच्या डॉक्टरांना हे माहीत आहे का?" एक निवृत्त बँकवाले आहेत, त्यांना 'दाम' हा शब्द द्रम्म होत ग्रीक 'द्राख्मे'पासून आला हे कळल्यापासून ते एकही रविवार चुकवत नाहीत. तुमच्याकडे शेतकरी येतील, त्यांना जू दाखवा. खाणीत काम करणारे येतील, त्यांच्यासाठी सुरुंग आहे: 'स्युरिंक्स', म्हणजे नळी, बासरी.

पैसे घेऊ नका, पण वहीची झेरॉक्स ज्याची त्याने काढायची. फुकट मिळालेल्या वह्या मी कुलरवर ठेवलेल्या पाहिल्या आहेत.

कुलरवरून आठवलं. एप्रिल-मे मध्ये वर्ग पहाटे घ्या. थंडीत आम्ही आठला बसतो, उन्हाळ्यात साडेसहाला, नऊच्या आत संपवतो. ऊन हे एक कारण झालं. दुसरं असं, की ग्रीकमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा 'ह' हे अक्षरच नाही, स्वराच्या डोक्यावर स्वल्पविरामासारखी एक उलटी खूण असते, आणि ती सुलटी झाली की ह गेला. 'होरोस' म्हणजे हद्द, 'ओरोस' म्हणजे डोंगर. मागच्या मे मध्ये साडेनऊपर्यंत लांबलं, कुलर लावला, आणि त्या खडखडाटात मी सांगत होते हद्द आणि सहाही जणांनी लिहिला डोंगर. दोष कुणाला द्यायचा?

उमरेडहून पहिल्या गाडीने निघालात तरी साडेसहाला पोचणं कठीण आहे. त्या रविवारी आपण सातला सुरू करू. वही दोनशे पानी आणा, एकरेघी. पोहे माझ्याकडे, तर्रीसकट.